ढग

म्झिया म्हणजे सूर्य, आमच्या भाषेत.
आणि म्झिया बेरुलावानं जन्मभर रात्रपाळी केली.
नवा पाहुणा आला की हा विनोद करायचाच;
ती चहात तुतीचा मुरंबा ढवळत हसायची,
पहिल्यांदाच ऐकल्यासारखी.

संचालक झाली, कारण बाकीचे गेले.
कोणी मॉस्कोला, कोणी जर्मनीला,
एकजण तर तिबिलिसीत टॅक्सी चालवायला.
राजधानीतून पत्र आलं, शिक्का वाकडा,
आणि अख्ख्या डोंगराचा संसार तिच्या गळ्यात पडला:
गळका हौद, सहा महिन्यांचे थकलेले पगार,
स्वयंपाकघरातल्या नातेलाचे गुडघे.
आकाशाचं काय ते जेवणानंतर.

मी ड्रायव्हरचा मुलगा. त्या हिवाळ्यात बारा वर्षांचा.
खाली खोऱ्यात बंदुका वाजत.
वीज जाऊन दोन महिने झालेले,
बाबा पहाटे तीनला पावाच्या रांगेत.
जळणाला तिनं आधी सभागृहातल्या खुर्च्या दिल्या,
मग स्वतःची, कोरीव हातांची.
पुढे सह्या उभ्यानंच करायची.
काचपट्ट्यांच्या खोलीतली लाकडी कपाटं मात्र,
"हात लावाल तर याद राखा."

तर, तो तारा.
शर्मिष्ठेच्या पायाशी, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा.
नाव नाही, आकडा आहे.
दर तेवीस वर्षांनी त्याच्या पुढून काहीतरी सरकतं,
काय ते कुणाला ठाऊक नाही,
सात आठवडे तो मंदावतो, मग होता तसा.
तिनं एकदा पाहिलं होतं हे,
विद्यार्थिनी असताना, अंगात ताप,
दुसऱ्याच्या पाळीत घुसून.
हिशेब माझ्याच वहीत मांडून दाखवला:
तेव्हा बावीस, आता पंचेचाळीस, पुढच्या खेपेला अडुसष्ट.
"अडुसष्टाव्या वर्षी हा जिना कोण चढतं रे?"

घुमटाची मोटर मेलेली.
उरलं एक लोखंडी हँडल, माझ्या छातीइतक्या उंचीवर.
हातमोज्यांचा जोड एकच: डावा तिला, उजवा मला.
ती डोळा लावून बसायची, एका काचेला चाळीस मिनिटं,
मी मोजून सहा वेढे द्यायचो, थांबायचो, पुन्हा सहा,
म्हणजे घुमटाची फट ताऱ्याच्या मागं मागं राही.

एकदा म्हणाली, "असं काळंभोर आकाश
मला कुठल्याच सरकारनं दिलं नव्हतं."
आणि लगेच तोंडावर हात ठेवला.
नातेलाचा गिया खाली होता, खोऱ्यात,
अकरा दिवस निरोप नव्हता.

तिसरं ग्रहण तिनं पाहिलं नाही.
एकसष्टाव्या वर्षी कुतायसीच्या इस्पितळात गेली,
भर दुपारी.
आता वर मोटर आहे, हीटर आहे,
पोरं लॅपटॉपवरून घुमट हलवतात,
मी त्यांना बसमधून वर सोडतो.
परवा त्यांनी तिची जुनी नोंदवही उघडली.
माझं नाव होतं, आडनावासकट,
"साहाय्यक" या रकान्यात, पंचेचाळीस वेळा.

"एवढी एकच रात्र रिकामी," मुलगी म्हणाली,
"नऊ फेब्रुवारी. नेमका उतार संपतो तिथं.
शेरा फक्त: ढग."

नऊ फेब्रुवारी मला आठवते.
उणे चौदा, एक तारा हलत नव्हता इतकी निवळ.
मी हँडलला टेकून झोपलो.
घुमट जागचा हलला नाही,
फट मागे राहिली, आठवड्याची शेवटची काच वाया गेली.
जागा झालो तेव्हा उजाडत होतं,
अंगावर तिचा कोट होता,
आणि ती दाराशी उभी, नुसत्या स्वेटरमध्ये,
वही भिंतीला लावून काहीतरी लिहीत.

मुलगी पेन्सिलीनं आलेखातली मोकळी जागा दाखवत होती.
"नशीबच वाईट बाईंचं," म्हणाली.

मी म्हटलं, हो. ढग होते.